बंदिस्त डावात इंजिनचा आकडा कसा वाचावा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

२८ जुलै २०२५ रोजी बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे नागपूरकर तिच्याआधीच ग्रँडमास्टर झालेले आहेत. शहरात पट मांडून बसणाऱ्या मुलांची संख्या वाढते आहे ही आनंदाची गोष्ट. स्टॉकफिश हे बुद्धिबळाचे इंजिन (डाव तपासणारा संगणक-प्रोग्राम) फुकट मिळते, फोनवरही चालते, आणि डाव संपला की पालक आणि मुले आधी त्याचाच आकडा, म्हणजे कोण किती वरचढ याचा अंदाज, बघतात. "तू +१.८ ला होतास, मग बरोबरी कशी झाली?" असे मुलांना विचारले जाते. स्पर्धांच्या बातम्यांतही "पांढऱ्याकडे जिंकणारी आघाडी होती" असे वाक्य याच आकड्यावर उभे केलेले असते. खुल्या डावात, मोहरी समोरासमोर भिडलेली असताना, या आकड्यावर विसंबायला हरकत नाही. मधली प्यादी एकमेकांत अडकून पट बंद झाला असेल, तर मात्र तोच आकडा वेगळ्या रीतीने वाचावा लागतो. ती रीत शिकवली जात नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक ठरलेले उदाहरण. किंग्ज इंडियन या सुरुवातीतली मार देल प्लाता शाखा: १. डी४ घोडा एफ६ २. सी४ जी६ ३. घोडा सी३ उंट जी७ ४. ई४ डी६ ५. घोडा एफ३ किल्लेकोट ६. उंट ई२ ई५ ७. किल्लेकोट घोडा सी६ ८. डी५ घोडा ई७ ९. घोडा ई१ घोडा डी७ १०. उंट ई३ एफ५ ११. एफ३ एफ४ १२. उंट एफ२ जी५. मध्य पूर्ण बंद. पांढऱ्याला वजिराच्या बाजूने सी४-सी५ करून सी पट्टी उघडायची आहे, काळ्याला राजाच्या बाजूने जी५-जी४. इथे इंजिन लावा. ते पांढऱ्याची चांगली आघाडी दाखवेल. आता काळ्याची योजना मोजा. घोडा एफ६, घोडा जी६, एच५, हत्ती एफ७, उंट एफ८, हत्ती जी७ आणि मग जी४. सात चाली. पांढऱ्याच्या धरून चौदा अर्ध्या चाली (एका बाजूची एक चाल म्हणजे अर्धी चाल), आणि तोवर काळ्याने एक प्यादेसुद्धा मारलेले नाही. सी८ वरचा उंट एच३ वर बळी देऊन पांढरा राजा उघडा पडतो की नाही, हे त्याच्याही पुढच्या दहा-बारा अर्ध्या चालींनंतर कळणार.

"पण माझे इंजिन डेप्थ (शोधाची खोली) ३० दाखवते" असे कोणी म्हणेल. डेप्थ ३० म्हणजे तीस अर्ध्या चालींपर्यंतच्या सगळ्या शक्यता पाहिल्या असे नव्हे. इंजिन झाड छाटत छाटत पुढे जाते. मारामारी, शह, थेट धमकी असलेल्या चाली ते खोलवर बघते. यादीत मागे पडलेल्या शांत चालींची खोली कमी करते, कारण बहुतेक डावांत त्या निरुपयोगीच ठरतात. बंदिस्त डावातली योजना नेमकी अशा शांत चालींचीच बनलेली असते. दुसरी छाटणी अशी: एका बाजूने आपली चाल सोडून दिली तरी तिची स्थिती चांगलीच राहत असेल, तर ती फांदी पुढे तपासायचीच नाही. जिथे चाल करावी लागणे हेच नुकसान असते, त्या झुगझ्वांगमध्ये हा हिशेब चुकतो. आणि बंद पटावर झुगझ्वांग वारंवार येतो. यावरचे उपाय इंजिनात घातलेले आहेत, पण त्यांनाही वेळ लागतो आणि फोनवरच्या दहा सेकंदांत तो मिळत नाही.

आकड्याविषयीही एक गैरसमज घट्ट बसला आहे. +१.०० म्हणजे एक प्यादे वर, असे सगळे धरून चालतात. स्टॉकफिशच्या डिसेंबर २०२२ मधल्या १५.१ या आवृत्तीपासून +१.०० चा अर्थ असा ठरवला आहे: तेच इंजिन स्वतःशी खेळले तर त्या स्थितीतून निम्म्या वेळा जिंकेल. म्हणजे तो जिंकण्याच्या शक्यतेचा आकडा आहे, प्याद्यांचा नाही, आणि ती शक्यता इंजिनच्या ताकदीच्या दोन खेळाडूंची. दोन बारा वर्षांच्या मुलांनी त्यावरून आपला डाव मोजावा, हे त्या आकड्याने कधी सांगितलेले नाही.

जुन्या इंजिनांच्या बाबतीत बंद पटावरची ही कमजोरी उघडच दिसत असे. नोव्हेंबर २००३ मध्ये न्यूयॉर्कला माजी विश्वविजेता कास्पारोव्ह एक्स३डी फ्रिट्झ या इंजिनशी चार डावांचा सामना खेळला. तिसऱ्या डावात त्याने सहाव्याच चालीला सी५ करून वजिराची बाजू आवळायला घेतली. फ्रिट्झला त्या रचनेत एफ प्यादे पुढे ढकलायला हवे होते. ते मोहरी इकडून तिकडे हलवत राहिले आणि कास्पारोव्हने ४५ चालींत डाव जिंकला. २००८ मध्ये ग्रँडमास्टर नाकामुराने तीन मिनिटांच्या डावात रायब्का या इंजिनला २७१ चालींत हरवले. पट बंद करून तो नुसता थांबून राहिला. रायब्काला आपण वरचढ आहोत असेच दिसत होते, म्हणून पन्नास चालींच्या नियमाने (पन्नास चालींत प्यादे हलले नाही आणि काही मारले गेले नाही तर) होणारी बरोबरी टाळायला त्याने स्वतःच डाव फोडला आणि तिथेच तो बिघडला. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ मध्ये न्यूरल नेटवर्क आले तेव्हापासून स्थिती ओळखण्यात मोठी सुधारणा झाली आहे. आजच्या इंजिनला नाकामुराची युक्ती करून हरवता येईल अशी आशा धरू नये. तटबंदीसमोर, म्हणजे जास्त मोहरी असूनही फोडता न येणाऱ्या रचनेसमोर, खोटी आघाडी दाखवण्याचा दोष कमी झाला आहे, पण गेलेला नाही.

तो दोष डोळ्यांनी बघायचा असेल तर २०१७ मध्ये पेनरोज इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केलेली स्थिती घरी मांडावी. पांढरा: राजा ई२, प्यादी ए२, बी३, सी४, सी६. काळा: राजा ए६, वजीर ए५, हत्ती ए४ आणि बी५, उंट ई५, एफ४, जी३, प्यादी ए७, बी६, सी५, बी४, ए३. चाल पांढऱ्याची. त्या काळच्या इंजिनांनी काळ्याची प्रचंड आघाडी दाखवली, कारण वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट यांच्यासमोर पांढऱ्याकडे चार प्यादी. पण काळ्याचा वजीर, दोन्ही हत्ती आणि राजा यांना हलायला एकही घर नाही. तिन्ही उंट काळ्या घरांचे. पांढऱ्याने राजा पांढऱ्या घरांवरून फिरवत ठेवला की त्याला कधी शहच बसू शकत नाही, आणि डाव बरोबरीत सुटतो. पांढऱ्याने फक्त एक पथ्य पाळायचे: सी४ ने बी५ चा किंवा बी३ ने ए४ चा हत्ती मारायचा नाही. फुकट दिसणारा तो हत्ती घेतला की कोंडलेली काळी फौज बाहेर पडते. मुलांना ही स्थिती आधी इंजिनशिवाय पाच मिनिटे बघू द्यावी, मग इंजिन लावावे.

आता प्रत्यक्ष काम. बंदिस्त स्थिती तपासायला घेताना इंजिन बंद ठेवून कागदावर दोन्ही बाजूंचे सगळे पॉन ब्रेक लिहावेत, म्हणजे कुठले प्यादे पुढे सरकवून समोरची साखळी फोडता येते ते. सहसा दोन-तीनपेक्षा जास्त नसतात. मध्यात पांढऱ्याची डी४-ई५ आणि काळ्याची डी५-ई६ अशी फ्रेंच साखळी असेल आणि काळ्याने सी४ करून बाजू बंद केली असेल, तर पांढऱ्याकडे बी३ आणि एफ४-एफ५, काळ्याकडे एफ६ आणि बी५-बी४. एवढेच. ज्या बाजूकडे एकही ब्रेक उरलेला नाही तिचा +१.५ हा नुसता जागेचा भाव आहे, असे धरून पुढचे तपासावे.

मग इंजिन सुरू करून चार किंवा पाच ओळी, म्हणजे पर्यायी चाली त्यांच्या आकड्यांसह, दाखवायला सांगावे. पहिली चाल +१.२, दुसरी +०.३ आणि तिसरी उणे असेल तर वाट एकच आहे आणि ती नेमकी सापडली पाहिजे. मुलाला ती सापडली नाही यात नवल नाही. पाचही चाली ०.०५ च्या अंतरात असतील आणि दर दोन सेकंदांनी राजा एच१, हत्ती बी१, ए३ अशी पहिली चाल बदलत असेल, तर इंजिनजवळ ठोस काही नाही. अशा वेळी पहिल्या क्रमांकाची चाल "बरोबर" आणि तिसऱ्या क्रमांकाची "चूक" म्हणणे व्यर्थ आहे. पाच ओळींमुळे इंजिनची खोली बरीच कमी होते हे लक्षात ठेवून, उमेदवार चाली कळल्या की पुन्हा एका ओळीवर यावे.

यानंतरची पायरी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. इंजिनच्या पहिल्या पसंतीची चाल पटावर करत पंधरा चाली पुढे जावे, प्रत्येक अर्ध्या चालीला दहा-पंधरा सेकंद देत. पाच ते आठ मिनिटांचे काम. आकडा +१.५ वरून +१.९, +२.६ असा चढत गेला तर आघाडी खरी आहे. पंधरा चालींनंतरही +१.५ च राहिला आणि मधल्या चाली घोडा डी२, घोडा एफ३, पुन्हा घोडा डी२ अशा असतील, तर समोर तटबंदी उभी आहे. आणखी एक खूण: प्यादे न हलता आणि मारामारी न होता चाली वाढत गेल्या की स्टॉकफिश आपला आकडा ठरवून हळूहळू शून्याकडे ओढते, कारण पन्नास चालींचा नियम जवळ येत असतो. आकडा थेंबाथेंबाने गळतो आणि एखादे निरुपद्रवी प्यादे एक घर सरकवताच पुन्हा वर उडी मारतो. हे दिसले की जिंकण्याचा मार्ग इंजिनलाही सापडलेला नाही असे समजावे.

म्हणूनच स्थिती हाताने मांडून तपासण्यापेक्षा पूर्ण डाव चालींसकट भरावा. हाताने मांडलेल्या स्थितीत आधी किती चाली प्याद्याशिवाय गेल्या आणि कुठली स्थिती दोनदा येऊन गेली हे इंजिनला कळत नाही. पन्नास चालींची मोजणी शून्यापासून सुरू होते. बंद डावात याच गोष्टींनी निकाल फिरतो.

ब्रेक चालतो का हे बघायची रीत उलटी आहे. स्थिती संपादित करायच्या सोयीने आपली मोहरी हव्या त्या घरांवर हातानेच ठेवावीत. वरच्या फ्रेंच साखळीत पांढऱ्याचा राजा जी१, हत्ती एफ१, घोडे एफ३ आणि जी३, प्यादी एफ४ आणि जी४. मग एफ५ करून आकडा पाहावा. तरीही काही मिळत नसेल तर ती योजना सोडून द्यावी, तिच्या मागे तास घालवू नये. मिळत असेल तर तिथे पोहोचायला किती चाली लागतात ते मोजावे आणि तेवढ्याच चाली समोरच्यालाही द्याव्यात. हीच गोष्ट विसरली जाते. पांढऱ्याची मोहरी सहा चालींनी सजवायची आणि काळ्याची होती तिथेच ठेवायची, ही स्वतःचीच फसवणूक झाली. काळ्याच्या सहा चाली त्याच्या उत्तम योजनेप्रमाणे खेळवून मग पुन्हा एफ५ तपासावे. समोरच्याची योजना कोणती हे कळत नसेल तर धमकी दाखवायची सोय वापरावी. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर एक्स कळ दाबली की आपण चाल सोडली तर समोरचा काय करेल ते दिसते. बंदिस्त डावात एकदा चाल सोडून फारसे काही घडत नाही, तेव्हा आपल्या बाजूने दोन-तीन निरर्थक चाली खेळून समोरचा काय उभारतो ते पाहावे.

ब्रेकची स्थिती पक्की झाली की तिथे इंजिनला दोन-तीन मिनिटे द्यावीत आणि मग एकेक चाल मागे येत मूळ स्थितीपर्यंत यावे, प्रत्येक ठिकाणी थोडे थांबत. इंजिन पाहिलेल्या स्थिती हॅश नावाच्या राखीव स्मृतीत साठवते, त्यामुळे पुढे सापडलेले मागे झिरपते. सुरुवातीला +०.४ दाखवणारी चाल अशा फेरीनंतर +१.३ झालेली दिसते, किंवा उलट. मात्र हॅश लहान असेल तर जुने पुसले जाते आणि मागे येईपर्यंत इंजिन सगळे विसरलेले असते. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर २०४८ एमबी, ४ जीबीवर ५१२ एमबी हॅश ठेवावी. चार कोअर असतील तर इंजिनला तीनच द्यावेत, नाहीतर पटाची खिडकीच अडकते. दोन स्थितींच्या मध्ये हॅश रिकामी करण्याची सवय काहींना असते. याच डावातल्या स्थिती तपासताना ती मोडावी.

यातही शंका उरली तर इंजिनला स्वतःशी खेळवावे. क्यूट चेस किंवा अरेना ही फुकट मिळणारी साधने आहेत. एक मिनिट अधिक चालीला एक सेकंद या वेगाने वीस डाव साधारण दीड तासात होतात. एकाच स्थितीतून वीसही डाव सोडू नयेत, ते एकसारखेच जाऊ शकतात. चार उमेदवार चाली निवडून प्रत्येकीनंतर पाच डाव खेळवावेत. वीसपैकी अठरा बरोबरीत सुटले तर +१.५ चे काय करायचे ते कळले. हरलेले दोन डाव मात्र जपून ठेवावेत, तटबंदी कुठून फुटते ते त्यांत दिसते. स्टॉकफिशमध्ये विजय, बरोबरी आणि पराभव यांची शक्यता हजारात दाखवायची सोय आहे, तीही चालू करावी. ३०० विजय, ६९० बरोबरी, १० पराभव असे वाचले की "जिंकलेला डाव घालवला" हे वाक्य पालकांच्या तोंडून निघत नाही.

लीला चेस झिरो हे दुसरे इंजिन जोडीला असावे. त्याची शोधण्याची पद्धत स्टॉकफिशपेक्षा निराळी आहे, म्हणून त्याच्या चुकाही निराळ्या. त्याला चांगले ग्राफिक कार्ड लागते. साध्या लॅपटॉपवर ते इतके मंद चालते की लहान नेटवर्क घेऊनही मोठी अपेक्षा ठेवू नये. दोघांच्या मतांत मोठी तफावत दिसेल ती स्थिती वहीत उतरवावी. शिकण्यासारखे तिथेच असते. टेबलबेस, म्हणजे मोजकी मोहरी उरलेल्या स्थितींच्या अचूक निकालांचा साठा, इथे उपयोगाचा नाही. तो राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंत आहे आणि बंदिस्त शेवटात प्यादीच दहा-बारा असतात.

उन्हाळी सुट्टीतल्या शिबिरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. तासभर पूर्ण वेगाने चाललेला लॅपटॉप तापतो आणि स्वतःला सांभाळायला वेग कमी करतो. फोन तर काही मिनिटांतच. मग "पाच मिनिटे लावले होते" याला अर्थ राहत नाही. मिनिटे न मोजता सेकंदाला किती स्थिती तपासल्या जात आहेत तो आकडा बघावा. सुरुवातीच्या निम्म्यावर आला तर थांबावे. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, मागची बाजू दोन बोटे उचललेली असावी. कूलरच्या अगदी तोंडाशीही ठेवू नये, ती हवा ओलसर असते.

डावानंतर आपोआप मिळणाऱ्या अहवालांबद्दल पालकांना विशेष सांगावेसे वाटते. त्यात प्रत्येक चालीला जेमतेम क्षणभर वेळ मिळतो. बंद पटावर हत्ती मागेपुढे केल्याने काही बिघडत नाही, म्हणून दोन्ही खेळाडूंना ९५ टक्क्यांच्या वर अचूकता मिळते. ती कौतुकाची गोष्ट नाही. उलट ज्या मुलाने धाडसाने योग्य वेळी ब्रेक केला आणि गुंतागुंतीत दोन चाली चुकला, त्याची अचूकता ८० वर येते आणि घरी बोलणी बसतात. त्या मुलाने जास्त चांगले बुद्धिबळ खेळले असण्याची शक्यता मोठी आहे. ०.०० हा आकडाही असाच फसवा. ज्याच्याकडे एकमेव ब्रेक आहे आणि जो तो हवा तेव्हा करू शकतो, त्याने ०.०० दिसले म्हणून बरोबरी मागू नये. बचाव करणाऱ्याला प्रत्येक चालीला तयार राहावे लागते आणि माणूस थकतो.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. स्पर्धेच्या बातमीत किंवा बुद्धिबळाच्या सदरात बंदिस्त स्थितीचा आकडा छापायचा झाला, तर सोबत इंजिनचे नाव व आवृत्ती, डेप्थ आणि इंजिनच्याच चालींनी पंधरा चाली पुढे गेल्यावरचा आकडा, या तीन गोष्टी द्याव्यात. एका ओळीत बसतात. पटाच्या आकृतीखाली दोन्ही बाजूंचे ब्रेक लिहिले तर शाळकरी वाचक आकड्याआधी पट बघेल.

आपले,
बुद्धिबळ शिकवणारे काही जण
धरमपेठ, नागपूर